अण्णांनी ओळखलेला सुरण

“यातला खायचा दगड कुठला?” अण्णांनी विचारलं.

समोरच्या लाकडी पाटावर नदीतले काळे गोटे मांडून ठेवले होते आणि त्यांच्यातच कुठेतरी दोन गोटे बाजरीच्या पिठाचे होते, आत ठेच्याचं लोणी भरलेले. वाढायला आलेली मुलगी, रेवती तिचं नाव, हसून म्हणाली, “काका, तीच तर गंमत आहे. आमच्याकडे आधी खायचं, मग ओळखायचं आणि शेवटी आम्ही सांगायचं.”

“दात माझे,” अण्णा म्हणाले, “आणि गंमत तुमची.”

एरवी मी खो खो हसले असते. त्या दुपारी मी फक्त बरोबर गोटा शोधून त्यांच्यापुढे सरकवला आणि भिंतीतल्या मोठ्या काचेकडे पाहिलं. काचेपलीकडे स्वयंपाकघर होतं. तिथे पांढऱ्या अंगरख्यात माझा धाकटा भाऊ निरंजन पाठमोरा उभा होता. मुद्दाम पाठमोरा, हे मला कळत होतं.

हॉटेलचं नाव ‘सातवी चव’. पुण्यात नदीपलीकडच्या एका जुन्या गोदामात ते थाटलं होतं. मालक दुसरेच होते, पण स्वयंपाकघर पूर्ण निरंजनचं. आपलेच पदार्थ, पण ओळखू न येणारे. कढी गोळ्यासारखी यायची आणि तोंडात फुटायची. सोलकढीचा बर्फ करून तो किसून वाढायचे. वर्तमानपत्रांत त्याचे फोटो छापून येत. आमच्या देवरुखात लोक मला विचारत, “म्हणजे तो नक्की विकतो काय गो?” आणि मला धड उत्तर देता येत नसे.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, आणि निरंजन तीन वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. आई पावसाळ्यात अचानक गेली, तेव्हा निरंजन स्पेनमध्ये कुठल्याशा मोठ्या खानसाम्याच्या हाताखाली शिकत होता. विमान मिळून घरी पोचेपर्यंत आईची राख गार झाली होती. अण्णांनी तेही गिळलं असतं. पण निरंजन तेराव्याच्या आधीच परत गेला. नाही गेलो तर जागा जाईल, म्हणाला. त्यानंतर हिवाळ्यात गयेला जायचं ठरलं, तेव्हाही त्याला सुट्टी मिळाली नाही. त्या दिवसापासून अण्णांनी त्याचं नाव टाकलं. तो पुण्यात परत आला, नाव कमावलं, तरी आमच्या घरात त्याचा विषय निघाला की अण्णा उठून विहिरीवर जायचे. पाणी काढायचं नसायचंच, नुसते उभे राहायचे.

मे महिन्यात अण्णांना डोळे दाखवायला पुण्याला आणायचं होतं. माझी शाळा बंद होती, गाडी मीच चालवणार होते. निघण्याच्या आदल्या दिवशी मी जीव मुठीत धरून विचारलं, “अण्णा, एक वेळ निरंजनकडे जेवायचं का?”

ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, “जेवायला येतो. बोलायला येत नाही.”

मला तेवढं पुरेसं होतं. महिन्याभरात आईची तिथी होती. त्या दिवशी दोघं एका ओळीत पाटावर बसलेले मला बघायचे होते, दुसरं काही नको होतं. आणि ते होणार की नाही, हे त्या एका जेवणावर ठरणार होतं. हे मला माहीत होतं, निरंजनला माहीत होतं. अण्णांनाही माहीत असावं, कारण त्यांनी ठेवणीतलं धोतर नेसलं होतं.

सुरुवातच बिघडली. बाजरीचा गोटा फोडण्याआधी अण्णांनी सवयीप्रमाणे ओंजळीत पाणी घेतलं, पाटाभोवती फिरवलं आणि चित्राहुती घालायला भात शोधू लागले. भात कुठला असायला! मग त्यांनी गोट्याचाच कोपरा मोडला आणि कण उजव्या बाजूला मांडले. तेवढ्यात रेवती लगबगीने आली. “अय्या, सांडलं का काका? असू दे, असू दे,” म्हणत तिने फडक्याने पाणी पुसलं आणि चित्राहुतीही उचलून नेली.

अण्णांचा हात होता तिथेच थांबला. मी टेबलाखालून त्यांचा गुडघा दाबला.

“तिची काय चूक?” ते हळू आवाजात म्हणाले. “तिला शिकवणाऱ्याची चूक.”

काचेपलीकडे निरंजनने हे पाहिलं असावं. तो रेवतीला काहीतरी बोलला आणि बिचारी कानापर्यंत लाल झाली. पुढची ताटली घेऊन आली तेव्हा तिने स्वतःच पाण्याचं भांडं अण्णांच्या हाताशी ठेवलं आणि दोन पावलं मागे जाऊन उभी राहिली. अण्णांनी मान हलवली, पण चेहरा सैल झाला नाही.

कढीचा गोळा आला. “ओळखा काका,” रेवती म्हणाली.

“मी परीक्षेला बसलेलो नाही बाई.”

सोलकढीचा बर्फ आला. अण्णांनी खाल्ला, ओठ पुसले आणि खिडकीबाहेर बघत बसले. प्रत्येक पदार्थ ते संपवत होते, पानात काही टाकायचं नाही हा त्यांचा नेमच होता. पण चांगलं नाही की वाईट नाही, एक अक्षर नाही. आजूबाजूच्या टेबलांवर लोक टाळ्या पिटून पदार्थ ओळखत होते, फोटो काढत होते. आमचं टेबल मात्र दहावा घातल्यासारखं गप्प.

मी हात धुवायच्या निमित्ताने उठले. स्वयंपाकघराच्या बाजूच्या बोळात निरंजन माझी वाटच बघत होता.

“काय म्हणाले?”

“काही नाही.”

“काहीच नाही? कढीला पण नाही?”

“अरे, जेवतायत ना. धीर धर.”

त्याचे डोळे मात्र चमकत होते. लहानपणी शाळेत नंबर आला की दारातच चप्पल भिरकावून आत पळत यायचा, तसा तो दिसत होता. “ताई, आता शेवटचं पान येतंय ना, ते फक्त अण्णांसाठी आहे. कार्डावर नाही, कोणालाच देत नाही. चार महिने लागले मला. रत्नागिरीहून माल मागवला. कुयरी करवंटीच्या धुरावर भाजलीय, वर आठळ्यांच्या पिठाचं कवच आणि खाली गऱ्यांचा रस आटवून घातलाय. अख्खा फणस आहे एका पानात, कोवळ्या कुयरीपासून बियांपर्यंत! धुरामुळे वास लपतो, त्यामुळे पहिल्या घासाला कळणार नाही, दुसऱ्याला कळेल. अण्णांना फणस म्हणजे…”

पुढचं मला ऐकू आलं नाही.

“निरू,” मी म्हटलं, “अण्णांनी फणस सोडलाय.”

“सोडलाय म्हणजे? साखर झालीय का?”

“गयेला सोडलाय. आईच्या नावाने.”



गयेचा तो प्रसंग मला आजही जसाच्या तसा दिसतो. पिंड झाले, अक्षयवटाखाली बसलो आणि तिथल्या ब्राह्मणाने विचारलं, “बाबूजी, कौन सा फल छोड़ेंगे?” तिथे, वारलेल्या माणसाच्या नावाने आवडतं फळ जन्मभरासाठी सोडायचं असतं. लोक त्यातही हुशारी करतात. आमच्या आळीतल्या भाऊंनी सफरचंद सोडलं होतं, जे त्यांना दातांमुळे चावतच नव्हतं. अण्णा क्षणाचाही विचार न करता म्हणाले, “फणस.” मी दचकले. आमच्या परसात फणसाची झाडं. वैशाखात आई हाताला तेल लावून फणस फोडायला बसायची आणि अण्णा तिच्यासमोर पाट घेऊन, ती गरा काढेल तसा खात. आयुष्यभराचा संसार दोघांनी त्या फणसावर बोलून केला असेल. म्हणूनच त्यांनी तो सोडला, हे मला तिथेच कळलं आणि मी हमसून हमसून रडले.

त्यानंतर आमच्या झाडांचे फणस शेजाऱ्यांकडे जाऊ लागले. एकदा मामेबहिणीच्या लग्नात अण्णांच्या पानात फणसाचा पापड आला. त्यांनी तुकडा मोडून तोंडात घातला आणि कुणीतरी म्हणालं, फणसाचा आहे हो, मुद्दाम तुमच्यासाठी. अण्णा पानावरून उठले. चूळ भरली, दुसरा दिवस कडकडीत उपास केला, आणि त्या घरी पुन्हा कधी जेवले नाहीत. यजमानांची काही चूक नव्हती, हे त्यांना कळत होतं. पण आईला दिलेला शब्द त्या घरात मोडला, एवढंच त्यांच्या मनात बसलं होतं.

“मला का नाही सांगितलंस?” निरंजनचा आवाज फाटला.

“तू विचारलंस कधी? गयेला काय झालं, एकदा तरी विचारलंस?”

हे बोलायची ती वेळ नव्हती. पण निघालं तोंडातून. तो भिंतीला टेकला. मग एकदम भानावर येऊन ओरडला, “रेवती! शेवटचं पान थांबव!”

आतून कोणीतरी म्हणालं, “शेफ, ते तर गेलं.”

आम्ही दोघं बोळाच्या तोंडाशी धावलो. अण्णांसमोर केळीच्या पानावर ते ठेवलेलं होतं. काळपट खरपूस चौकोन, खाली सोनेरी रस. बारीक धूर अजून वर चढत होता. रेवती दोन पावलं मागे हात बांधून उभी होती. अण्णा पानाकडे बघत होते. नुसते बघत होते. त्यांनी पाणी फिरवलं. डोळे मिटले आणि ओठ हलले. रोज श्लोक म्हणायचे त्यापेक्षा जास्त वेळ हलले, असं मला वाटलं.

मी पुढे पाऊल टाकलं. निरंजनने माझं मनगट धरलं.

“काय सांगणार तू तिथे जाऊन?” तो कुजबुजला.

खरंच, काय सांगणार होते मी? अण्णा, थांबा, तो फणस आहे? मग ते विचारणार, याला माहीत नव्हतं? आणि मग सगळ्या हॉटेलसमोर गया निघणार, तेरावा निघणार, स्पेन निघणार. ते उठणार, आणि आई गेल्यापासून मी जोडत आणलेला एकुलता एक धागा तुटणार. पण गप्प राहावं, तर आईच्या नावाने सोडलेली वस्तू आम्ही दोघं पोटची पोरं बापाच्या तोंडात जाऊ देणार. देवाशपथ सांगते, त्या घडीला मला आईची आठवण आली नाही, तिचा राग आला. हिने आत्ता इथे असायला हवं होतं.

तेवढ्यात अण्णांनी घास घेतला.

आम्ही बघत राहिलो. ते सावकाश चावत होते. दुसरा घास घेतला. निरंजननेच सांगितलं होतं, दुसऱ्याला कळेल. अण्णांचा चेहरा तसाच होता. तिसरा घास घेतला. मग त्यांनी मान वळवून रेवतीकडे पाहिलं आणि चक्क म्हणाले, “हं. विचार आता.”

रेवती गोंधळली. “काय काका?”

“तुझी ती गंमत. ओळखायची. बोलाव त्याला, कोणी केलंय त्याला.”

निरंजन पुढे झाला. फाशीच्या तक्त्याकडे माणूस कसा जातो मी पाहिलेलं नाही, पण असाच जात असणार. मी त्याच्या मागोमाग गेले. तो टेबलाजवळ उभा राहिला आणि तीन वर्षांनी बाप-लेकांनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहिलं.

अण्णा म्हणाले, “सुरण.”

रेवतीने तोंड उघडलं. तिला बिचारीला खरं माहीत होतं, आणि चूक असेल तर हसत हसत ‘नाही’ म्हणायचं, हे तिचं कामच होतं. निरंजन तिच्याकडे न बघता म्हणाला, “रेवती, पाणी आण.”

“पाणी आहे ना…”

“गार आण.”

ती गेली. अण्णा अजून निरंजनकडेच बघत होते. “चुकलो का?”

“नाही अण्णा,” निरंजन म्हणाला. कपाळावरून घाम निथळत होता त्याच्या. “बरोबर. सुरणच आहे.”

“आपल्याकडचा दिसतोय.”

“हो. रत्नागिरीहून मागवला.”

“तरीच खाजत नाही.” अण्णांनी पुढचा घास घेतला. “धूर कसला दिलास?”

“करवंटीचा.”

“हं. चांगला लागलाय.”

निरंजनचे डोळे भरून आले. त्याने मान खाली घातली. अण्णा जेवत राहिले. शेवटी पानावरचा रससुद्धा त्यांनी बोटाने निपटून घेतला, जसा ते घरी निपटत. पान दुमडलं, हात धुतले आणि धोतराचा सोगा सावरत उठले.

“आईची तिथी कधी आहे, माहीत आहे ना?” ते म्हणाले.

“माहीत आहे.”

“मग ये. स्वयंपाक तूच कर. पण भात भातासारखा दिसू दे.”

मी वळून भिंतीकडे तोंड केलं, नाहीतर तिथेच हंबरडा फुटला असता. दारापर्यंत सोडायला निरंजन आला. अण्णा गाडीत बसत असताना त्याने मला मागे ओढलं. “ताई, त्यांना कधी कळू देऊ नकोस. शपथ घाल मला.”

“शपथ मी घ्यायची की घालायची, वेड्या?”

“काहीही कर. पण कळलं तर ते मला जन्मात माफ करणार नाहीत. तिथीला मी येतो. सगळं करतो. पण हे नको.”

“नाही सांगणार,” मी म्हटलं, आणि ते मनापासून म्हटलं. देवाने आम्हाला सांभाळून घेतलं होतं. त्या पोराच्या हाताची करामत, दुसरं काय. फणसाचा सुरण करून दाखवला आणि साक्षात अण्णा फसले. अपराधी वाटत होतं, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

खंबाटकीचा घाट चढेपर्यंत अण्णा गप्प होते. ऊन काचेतून आत येत होतं. मला वाटलं डुलकी लागली. मग ते म्हणाले, “सुनू, उद्या माझं काही करू नकोस. उपास आहे.”

“उद्या कसला उपास?”

“आहे.”

मी पंचांग आठवू लागले. उद्या काही नव्हतं. माझा पाय आपोआप हलका झाला आणि गाडी रेंगाळली.

“अण्णा…”

“अख्खं आयुष्य त्या झाडांखाली गेलं,” ते म्हणाले, “मला फणस कळत नाही होय गो?”

मागचा ट्रक हॉर्न वाजवत होता. मी गाडी कडेला घेतली आणि थांबवली.

“कधी कळलं?”

“तिने पान खाली ठेवलं तेव्हाच. धूर काय, पेटवलंत तरी तो वास जायचा नाही.”

“मग खाल्लात कशाला?” मी जवळजवळ ओरडलेच. “नको म्हणायचं होतंत! उठायचं होतंत!”

“आणि का नको, ते काय सांगणार होतो?” अण्णा शांतपणे म्हणाले. “सोडलाय म्हणायचं. कुठे सोडला, तर गयेला. गया काढली की तू तिथे नव्हतास, हे आलंच. तीन वर्षं मी तेच बोलत होतो, न बोलता. आज परत तेच बोलायचं? त्याने एवढ्या हौसेनं वाढलेल्या पानावर?”

मी इंजिन बंद केलं.

“तुझ्या आईची मी परवानगी मागितली. तिने काही कळवलं नाही. ती पहिल्यापासून तशीच, ऐन वेळेला गप्प.” ते किंचित हसले. मग हसू मावळलं. “तिच्याशी माझं मी बघून घेईन. वर गेल्यावर वेळच वेळ आहे.”

बाहेरून गाड्या जात होत्या. त्यांनी काच खाली केली, वारा घेतला आणि पुन्हा वर केली.

“तू आत जाऊन सांगितलंस त्याला,” ते म्हणाले. “त्याशिवाय तो सुरण म्हणाला नसता. एवढा मोठा शेफ, आणि स्वतःच्या फणसाला सुरण म्हणाला. किती जड गेलं असेल.”

“अण्णा, त्याला सांगू का मी? की तुम्हाला माहीत होतं? तो आत्ता तिथे मेल्याहून मेल्यासारखा झाला असेल.”

“नाही.” त्यांचा आवाज एकदम जुन्या अण्णांचा झाला. “अजिबात नाही. बापाला फसवलं, एवढं तो पचवेल. चार दिवस टोचेल, मग विसरेल. पण बापाने आपल्यासाठी आईला दिलेला शब्द मोडला, हे त्याला कळलं ना, तर तो पुन्हा कधी सुखाने कोणाला वाढू शकणार नाही. त्याला मी फसलो असंच वाटू दे.”

मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि रडले. अण्णांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. जरा वेळाने म्हणाले, “चल आता. उन्हं आहेत तोवर कोयना ओलांडू.”

अण्णांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. निरंजन तिथीला आला, दरवर्षी येत राहिला, अण्णांच्या शेवटच्या दिवसांत उशाशी बसून त्यांना चमच्याने पेज भरवत होता. गेल्या वर्षी एकदा जेवता जेवता तो हसत मला म्हणाला, “ताई, माझ्या हातच्या जेवणात आयुष्यात एकदाच अण्णा चुकले, नाही?”

“हो,” मी म्हटलं, आणि त्याच्या पानात भात वाढला.